बांबूउडी, ऑलिंपिक सामन्यांतील (पुरुष)

बांबूउडी : लांब दांड्याच्या आधाराने शरीर वर उचलून उंचावरील आडवी काठी न पाडता ओलांडण्याचा एक मैदानी क्रीडाप्रकार. पुरुषांच्या बांबूउडीचा समावेश अथेन्स येथे १८९६ मध्ये भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांपासूनच झालेला आहे. स्त्रियांची स्पर्धा २००० मध्ये सिडनी येथे सुरू झाली. मैदानी स्पर्धांत या प्रकाराचे स्थान काहीसे वेगळे आहे. धावणे, लांब उडी यांत खेळाडूला स्वतःच्या शरीरावरच अवलंबून राहावे लागते. गोळा, थाळी, भाला यांच्या फेकीत साधन लागते. परंतु त्याचे वजन व मापे नियमांनी काटेकोरपणे ठरवून दिलेली असतात. बांबूउडीचा दांडा मात्र कोणत्याही पदार्थाचा, कितीही लांबीचा आणि कितीही जाडीचा असू शकतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा, एवढीच मुख्य अट आहे. या मोकळिकीमुळे बांबूउडीचा इतिहास हा बऱ्याच अंशी दांड्याचा इतिहास ठरला आहे. गाठलेली उंची माणसाची किती आणि दांड्याची किती, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा उपस्थित झाला. म्यूनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने वादाचे तीव्र रूप धारण केले.

मराठीतील ‘बांबूउडी’ हे नाव या इतिहासातील एका कालखंडाचे द्योतक आहे. प्रत्यक्ष बांबू मोठ्या स्पर्धांतून हद्दपार होऊन कित्येक दशके लोटली, तरी शाळांच्या क्रीडांगणांवर आणि वृत्तपत्रांत ते नाव टिकून राहिले.

पाण्याचे चर व कालवे दांड्याच्या साहाय्याने ओलांडण्याची रीत नेदर्लंड्ससारख्या सखल प्रदेशांत जुनी आहे. उंचीसाठी उडी मारण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील व्यायामशाळांत व इंग्लंडमधील ग्रामीण सामन्यांत रूढ झाला. इंग्लंडच्या अल्व्हरस्टन परिसरातील खेळाडू जड दांडा उभा रोवून त्यावर हातावर हात घेत चढत व मग काठी ओलांडत. पुढे या चढण्यास बंदी घालण्यात आली. उडी घेतल्यानंतर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही, हा नियम त्यातूनच आला.

अथेन्सच्या स्पर्धेत अवघ्या पाच खेळाडूंनी भाग घेतला होता. त्यांपैकी तिघे ग्रीक आणि दोघे अमेरिकन होते. ग्रीक खेळाडूंची धाव २.६० मी. पर्यंतच पोहोचली. अमेरिकनांनी त्यापुढील उंचीवर आपल्या उड्यांना प्रारंभ केला आणि विल्यम हॉइट याने ३.३० मी. उडी मारून अॅल्बर्ट टायलरला मागे टाकले. या विजयाने सुरू झालेली अमेरिकेची परंपरा १९६८ पर्यंतच्या सर्व अधिकृत ऑलिंपिक सामन्यांत अखंड चालली. १९०६ मध्ये अथेन्स येथे भरलेल्या मधल्या सामन्यांत फ्रान्सच्या फेर्नां गोंदेरने ही स्पर्धा जिंकली होती. परंतु ते सामने अधिकृत ऑलिंपिकमध्ये धरले जात नाहीत. एकाच देशाने एका क्रीडाप्रकारात लागोपाठ सोळा वेळा सुवर्णपदक मिळवावे, हे विरळाच. अमेरिकन विद्यापीठांतील क्रीडाशिक्षणाची पद्धती, तेथे उपलब्ध असलेली साधने आणि प्रशिक्षकांच्या एका पिढीने दुसरीला दिलेला अनुभव यांचे ते फळ होते.

प्रारंभीच्या काळात दांडे अॅश, हिकरी यांसारख्या कठीण लाकडांचे असत. ते जड असल्याने वेगाने धावणे अवघड जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांबूचा वापर वाढला. पोकळ, हलका आणि किंचित लवणारा हा दांडा उडीपटूंच्या लगेच पसंतीस उतरला. लंडन येथील १९०८ च्या सामन्यांत अॅल्फ्रेड गिल्बर्ट व एडवर्ड कुक या अमेरिकनांनी ३.७१ मी. अशी सारखीच उंची ओलांडली. त्याच दिवशी मॅरेथॉन शर्यतीचा गाजलेला शेवट त्याच क्रीडागारात झाल्याने बांबूउडीच्या कार्यक्रमात व्यत्यय आला आणि अखेर दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले. बांबूच्या आद्य पुरस्कर्त्यांत गणला जाणारा गिल्बर्ट पुढे खेळण्यांचा कारखानदार म्हणून प्रसिद्धीस आला. १९१२ मध्ये मार्क राइट याने ४.०२ मी. उडी मारून चार मीटरची मर्यादा प्रथम ओलांडली. आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाने या प्रकारात मान्य केलेला हा पहिला जागतिक उच्चांक होय. अँटवर्प येथे १९२० मध्ये फ्रँक फॉस याने ४.०९ मी. असा नवा जागतिक उच्चांक नोंदवला, तर पॅरिसच्या १९२४ च्या सामन्यांत ली बार्न्स हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा विजेता ठरला.

अमेरिकनांना पहिले खरे आव्हान जपानकडून आले. १९३२ मध्ये लॉस अँजेल्स येथे विल्यम मिलर आणि निशिदा शूहेई यांच्यात जेमतेम एक-दीड सेंमी.चे अंतर राहिले. बर्लिनची १९३६ ची अंतिम फेरी तर अंधार पडल्यावर प्रखर दिव्यांच्या उजेडात चालू होती. अर्ल मेडोज याने ४.३५ मी. उंची ओलांडून ती जिंकली. निशिदा व त्याचा सहकारी ओए सुएओ या दोघांनी ४.२५ मी. ची उडी मारली होती. आपसांत आणखी चुरस करण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा जपानी पथकाने निशिदाला दुसरा व ओएला तिसरा क्रमांक दिला. मायदेशी परतल्यावर दोघांनी आपापली पदके कापून घेतली आणि अर्धे रौप्य व अर्धे कांस्य अशी जोडून दोन पदके करवून घेतली. ‘मैत्रीची पदके’ म्हणून ती आजही ओळखली जातात. ओए १९४१ मध्ये युद्धात मारला गेला. लेनी रीफेनश्टाल हिच्या ऑलिंपिकविषयक चित्रपटातील या स्पर्धेची काही दृश्ये खेळाडूंना नंतर पुन्हा उड्या मारावयास लावून टिपलेली आहेत, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

बांबूच्या युगातील सर्वश्रेष्ठ उडीपटूचे नाव मात्र ऑलिंपिक विजेत्यांच्या यादीत आढळत नाही. कॅलिफोर्नियाच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम याने १९४० मध्ये पंधरा फूट उंची प्रथम पार केली आणि १९४२ मध्ये ४.७७ मी. असा उच्चांक प्रस्थापित केला. इतर कोणाला एकदाही पंधरा फूट गाठता येण्यापूर्वी त्याने ती उंची ४३ वेळा ओलांडली होती. १९४० व १९४४ चे सामने महायुद्धामुळे रद्द झाले आणि त्याची ऐन उमेदीची वर्षे तशीच सरली. त्याचा ४.७७ मी. चा उच्चांक १९५७ पर्यंत अबाधित राहिला. युद्धामुळे जपानी बांबूची आयात थांबली व पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्या पोकळ नळ्या वापरात आल्या. लंडनच्या १९४८ च्या सामन्यांत पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर जिंकणारा ग्विन स्मिथ हा बांबू वापरणारा शेवटचा ऑलिंपिक विजेता समजला जातो. त्यानंतर धर्मोपदेशक असलेल्या रॉबर्ट रिचर्ड्स याने १९५२ व १९५६ असे लागोपाठ दोन वेळा सुवर्णपदक पटकावले. १९६० मध्ये रोम येथे ४.७० मी. उडी मारून डॉन ब्रॅग विजयी झाला. धातूच्या दांड्याने मिळवलेला हा अखेरचा ऑलिंपिक विजय होता.

धातूचे दांडे टिकाऊ असले, तरी त्यांनी उंचीत फारशी भर घातली नाही. वॉर्मरडॅमच्या १९४२ मधील ४.७७ मी. पासून ब्रॅगच्या १९६० मधील ४.८० मी. पर्यंतची वाटचाल अठरा वर्षांत अवघी ३ सेंमी. होती. पुढच्या तीनच वर्षांत जागतिक उच्चांक ५.२० मी. वर पोहोचला. हा चमत्कार फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतू व राळ यांपासून बनविलेल्या दांड्याने घडविला.

या बदलाचे मर्म समजण्यासाठी उडीतील ऊर्जेचा विचार करावा लागतो. उडीपटू जो वेग मिळवतो त्यातील गतिज ऊर्जेचे रूपांतर उंचीत व्हावयाचे असते. सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने धावणाऱ्या व्यक्तीची सर्व ऊर्जा कोठेही वाया न जाता उंचीच्या कामी आली, तर तिचा गुरुत्वमध्य सु. ४.६ मी. वर उचलला जाईल. गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून सु. एक मीटर उंचीवर असतो, ही उंची त्यात मिळवावयाची. ताठ दांडा जमिनीतील पेटीच्या मागील भिंतीवर आदळला की, या ऊर्जेचा बराच भाग त्या धक्क्यातच नष्ट होतो. फायबरग्लासचा दांडा मात्र धनुष्यासारखा वाकतो, ऊर्जा साठवून ठेवतो आणि सरळ होताना ती परत करतो. धक्का सौम्य झाल्यामुळे दांडा अधिक वरच्या टोकाकडे धरता येतो, हा दुसरा आणि कदाचित अधिक महत्त्वाचा लाभ. दांडा स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. धावणाऱ्याने दिलेलीच तो जपतो. ‘दांडाच माणसाला फेकतो’ हा आक्षेप या कारणाने शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. तथापि जुन्या पिढीच्या खेळाडूंना तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते. ताठ दांड्यावर लागणारे खांद्यांचे बळ आणि वाकणाऱ्या दांड्यावर लागणारे वेळेचे भान ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, व एकात निष्णात असलेल्याला दुसरे साधेलच असे नाही. ब्रॅगने नव्या दांड्यांविषयीची आपली नापसंती लपवून ठेवली नाही.

मेलबर्न येथे १९५६ मध्ये कांस्यपदक मिळवणारा ग्रीसचा यॉर्गोस रुबानिस फायबरग्लासचा दांडा वापरत होता. पण त्या वेळी त्याकडे कुतूहलाने पाहण्यापलीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने ४.८३ मी. चा उच्चांक या दांड्याने केला, १९६२ मध्ये जॉन युल्सेसने सोळा फूट व १९६३ मध्ये ब्रायन स्टर्नबर्गने पाच मीटर उंची गाठली. त्याच वर्षी सरावातील अपघाताने स्टर्नबर्ग कायमचा पंगू झाला. मात्र हा अपघात बांबूउडीत नव्हे, तर उसळत्या जाळीवरील कसरतीत घडला होता. उंची वाढली तशी खाली पडण्याचीही काळजी घेणे आले. वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात पाच मीटरांवरून पडणे धोक्याचे होते. त्या जागी फोमच्या जाड गाद्या आल्या, आणि पाठीवर पडता येऊ लागल्याने काठी ओलांडण्याची शैलीही बदलली.

तोक्यो येथील १९६४ ची स्पर्धा दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपली. जर्मनीच्या व्होल्फगांग राइनहार्टने ५.०५ मी. उंची पार केली. अमेरिकेच्या फ्रेड हॅन्सनने ती उंची न घेताच सोडून दिली होती. पुढील ५.१० मी. वर त्याचे पहिले दोन प्रयत्न फसले आणि तिसऱ्या प्रयत्नात तो यशस्वी झाला. तो प्रयत्नही फसला असता, तर अमेरिकेची परंपरा तेथेच खंडित झाली असती. मेक्सिको सिटीत १९६८ मध्ये बॉब सीग्रन, पश्चिम जर्मनीचा क्लाउस शिप्रोव्स्की व पूर्व जर्मनीचा व्होल्फगांग नोर्डव्हिग या तिघांनीही ५.४० मी. उंची ओलांडली आणि निर्णय चुकलेल्या प्रयत्नांच्या संख्येवर लागला. जॉन पेनेलने तीच उंची पार करूनही त्याची उडी रद्द झाली, कारण त्याचा दांडा काठीखालून पलीकडे गेला होता. पुढे हा नियम रद्द करण्यात आला. पेनेलला त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्यूनिकच्या सामन्यांपूर्वी स्पर्धेला अभूतपूर्व रंग चढला होता. १९७२ च्या पूर्वार्धात स्वीडनच्या शेल इसाकसनने जागतिक उच्चांक ५.५५ मी. पर्यंत वाढविला. जुलैच्या प्रारंभी यूजीन येथील अमेरिकन निवडचाचणीत सीग्रनने ५.६३ मी. उडी मारली. ही उडी त्याने ‘कॅटापोल’ या नावाच्या नव्या, अधिक हलक्या दांड्याने मारली होती. लवकरच या दांड्याविरुद्ध आक्षेप घेतले गेले व त्यांत पूर्व जर्मनीचा पुढाकार होता. दांड्यात कार्बन तंतू आहेत, असा एक आक्षेप होता. सामन्यांपूर्वीच्या बारा महिन्यांत तो सर्व देशांच्या खेळाडूंना उपलब्ध नव्हता, असा दुसरा. जुलैच्या अखेरीस महासंघाने दांड्यावर बंदी घातली. कार्बन तंतूंचा आक्षेप निराधार ठरल्याने २७ ऑगस्ट रोजी बंदी उठविण्यात आली; आणि ३० ऑगस्ट रोजी, म्हणजे प्राथमिक फेरीच्या आदल्या दिवशी, ती पुन्हा लागू झाली. खेळाडूंचे दांडे जमा करून घेण्यात आले व सीग्रनसह अनेकांना पूर्वी कधीही न हाताळलेले दांडे घेऊन उतरावे लागले.

या निर्णयातील अन्याय केवळ दांडा काढून घेण्यात नव्हता. फायबरग्लासचा दांडा उडीपटूच्या वजनाप्रमाणे, वेगाप्रमाणे व पकडीच्या उंचीप्रमाणे निवडावा लागतो. तो किती वाकेल व केव्हा सरळ होईल याचा अंदाज शेकडो उड्यांनंतर शरीरात मुरतो. परक्या दांड्याशी हे नाते एका रात्रीत जुळत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सर्वस्वी उडवून लावण्याजोगे नव्हते. एका देशातील कारखानदाराने बनविलेले साधन ज्याला मिळाले तो पुढे आणि ज्याला मिळाले नाही तो मागे, असे झाल्यास स्पर्धा खेळाडूंची न राहता कारखान्यांची होईल, ही भीती रास्त होती. परंतु कोणताही पदार्थ चालेल असे म्हणणाऱ्या नियमाच्या आधारे विशिष्ट दांडा अडविणे आणि तोही दोनदा मत बदलून ऐन वेळी अडविणे, याचे समर्थन करणे कठीण आहे. महासंघाची खरी चूक कोणता पक्ष उचलून धरला यात नसून निर्णयाच्या वेळेत होती.

अंतिम फेरी २ सप्टेंबर १९७२ रोजी झाली. इसाकसन प्राथमिक फेरीतच बाद झाला होता. सीग्रनने परक्या दांड्याने ५.४० मी. पर्यंत मजल मारली. त्यापुढे त्याला जाता आले नाही. आपल्या नेहमीच्या दांड्याने उतरलेल्या नोर्डव्हिगने ५.५० मी. ही ऑलिंपिक उच्चांकाची उडी घेऊन सुवर्णपदक जिंकले. तिसरे स्थान अमेरिकेच्या जॅन जॉन्सनला ५.३५ मी. वर मिळाले. शेवटचा प्रयत्न फसल्यावर सीग्रन मैदानाच्या कडेला बसलेल्या महासंघाच्या अधिकाऱ्यांकडे चालत गेला आणि हातातील दांडा त्याने आड्रियान पाउलेन यांच्या हवाली केला. पाउलेन पुढे महासंघाचे अध्यक्ष झाले. सोळा विजयांची अमेरिकन परंपरा अशा रीतीने संपली. नोर्डव्हिगच्या यशावर या वादाची छाया पडली, हेही काहीसे अन्यायाचेच होय. कारण तो तीन वेळा यूरोपचा विजेता होता आणि १९७० मध्ये जागतिक उच्चांकही त्याच्या नावावर होता. कॅटापोलवरील बंदी सामन्यांनंतर टिकली नाही.

माँट्रिऑल येथे १९७६ मध्ये पहिल्या तिघांची उंची पुन्हा सारखीच, ५.५० मी., होती आणि कमी चुकांच्या बळावर पोलंडचा ताडेउश श्लुसार्स्की विजयी झाला. मॉस्कोच्या १९८० च्या सामन्यांवर अमेरिकेने बहिष्कार टाकला होता. तेथे स्थानिक प्रेक्षकांनी परदेशी उडीपटूंच्या प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी शिट्ट्यांचा व आरडाओरड्याचा मारा केला. पोलंडच्या व्ह्लाडिस्लाव्ह कोझाकिएविच याने उडी यशस्वी होताच एक हात दुसऱ्या हातावर आडवा मारून प्रेक्षकांना उद्देशून अवमानकारक खूण केली व नंतर ५.७८ मी. असा जागतिक उच्चांक नोंदविला. ऑलिंपिक मैदानावर बांबूउडीचा जागतिक उच्चांक १९२० नंतर प्रथमच झाला होता. सोव्हिएट राजदूताने त्याचे पदक काढून घेण्याची मागणी केली. स्नायू आखडल्यामुळे हात तसा वळला, असा खुलासा पोलंडच्या बाजूने करण्यात आला. पोलंडमध्ये त्या खुणेला कोझाकिएविचचेच नाव पडले.

पुढील काळाचा नायक युक्रेनचा सर्गेई बुबका. १९८५ मध्ये पॅरिस येथे त्याने सहा मीटर उंची प्रथम पार केली. त्याने एकूण ३५ जागतिक उच्चांक केले व सहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. ऑलिंपिकने मात्र त्याला हुलकावणीच दिली. १९८४ मध्ये सोव्हिएट बहिष्कार आड आला. १९८८ मध्ये सोल येथे त्याने तिसऱ्या प्रयत्नात ५.९० मी. पार करून एकमेव सुवर्णपदक मिळविले. १९९२ मध्ये बार्सेलोना येथे त्याला एकही उंची ओलांडता आली नाही, १९९६ मध्ये अटलांटात दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली आणि २००० मध्ये सिडनीतही पाटी कोरीच राहिली. सिडनीत निक हायसाँगने ५.९० मी. उडी मारून बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक पुन्हा अमेरिकेत नेले. अथेन्स येथे २००४ मध्ये टिमोथी मॅकने ५.९५ मी. उडीने ते राखले. रिओ द जानेरो येथे २०१६ मध्ये ब्राझीलच्या तियागो ब्राझने ६.०३ मी. उडी मारून फ्रान्सच्या रनो लाव्हियेनीला मागे टाकले. तेथेही प्रेक्षकांनी परदेशी स्पर्धकाची हुर्यो उडविली.

स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिस याने तोक्यो येथे २०२१ मध्ये भरलेल्या सामन्यांत ६.०२ मी. उडीने सुवर्णपदक जिंकले. पॅरिस येथे ५ ऑगस्ट २०२४ रोजी सुवर्णपदक निश्चित झाल्यावर त्याने प्रथम ६.१० मी. हा ऑलिंपिक उच्चांक केला व मग काठी ६.२५ मी. वर ठेवण्यास सांगितले. पहिले दोन प्रयत्न फसले. मैदानावरील इतर सर्व स्पर्धा संपल्या होत्या आणि प्रेक्षक जागेवरून हलले नव्हते. तिसऱ्या प्रयत्नात त्याने काठी ओलांडली. ऑलिंपिक स्पर्धेत नोंदविला गेलेला हा बांबूउडीचा तिसरा जागतिक उच्चांक होय. रिचर्ड्सनंतर दोन सुवर्णपदके मिळविणारा डुप्लांटिस हा पहिला उडीपटू ठरला. रिचर्ड्सच्या १९५६ मधील विजयी उडीपेक्षा ही उडी १.६९ मी. अधिक उंच होती.